हिरड्यांवरील उपचारानंतर

हिरड्यांतून रक्त येणे, तोंडाला दुर्गंधी येणे, हिरड्या मागे सरकून दात लांब दिसू लागणे आणि अखेर ते हलू लागणे, ही ज्या रोगाची लक्षणे, त्याला भारतात सर्वसाधारणपणे ‘पायोरिया’ म्हणतात. या रोगावर दंतवैद्याकडून योग्य उपचार झाले म्हणजे काही आठवड्यांतच सूज उतरते, रक्त थांबते व दुर्गंधी नाहीशी होते. रोग गेला, असे रुग्णाला वाटते. तो दंतवैद्याचे आभार मानतो आणि पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. काही वर्षांनी एखादा दात पुन्हा हलू लागला म्हणजे तो म्हणतो, ‘उपचारांचा काही उपयोग झाला नाही.’

वस्तुतः उपचारांचा उपयोग झालेला असतो. तो टिकविण्यासाठी जे करावयास हवे होते, ते मात्र झालेले नसते. गोवर एकदा येतो आणि बरा झाला म्हणजे बहुधा जन्मभर परत येत नाही. हिरड्यांच्या या रोगाची जात तशी नव्हे. ती मधुमेहासारखी आहे. रोग आटोक्यात आणता येतो व आटोक्यात ठेवताही येतो. पण त्याच्याकडे पाठ फिरवून चालत नाही. असे का व्हावे आणि रोग आटोक्यात ठेवण्यासाठी नेमके काय करावे, याची माहिती येथे दिली आहे.

दाताचा आधार

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर रुंदीची जागा असते. या जागेत असंख्य बळकट तंतू असून त्यांचे एक टोक मुळाच्या आवरणात व दुसरे हाडात रुजलेले असते. या तंतूंनी दात जणू झोळीत धरल्याप्रमाणे तोललेला असतो. म्हणूनच कठीण पदार्थ चावताना बसणारा दाब हाडाला सोसवतो. या साऱ्या रचनेवर हिरडीचे आच्छादन असते. निरोगी स्थितीत दात व हिरडी यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोलीची एक अरुंद खाच असते.

रोग होतो तो या खाचेपासून. तंतू तुटू लागतात, हाड झिजू लागते आणि खाच खोल होत जाते. पाच, सात, कधी दहा मिलिमीटरपर्यंतही ती खोल जाते. अशा खोल खाचेला दंतवैद्य ‘पॉकेट’ म्हणतात. ब्रशाचे केस हिरडीखाली जेमतेम मिलिमीटरभर पोहोचतात. त्यापलीकडे पॉकेटमध्ये जे साचते, ते रुग्णाला कितीही इच्छा असली तरी स्वतः काढता येत नाही. ही गोष्ट पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावयास हवी.

जंतूंचा लेप

दातांवर काय साचते, हे प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने. हा कापडाचा व्यापारी स्वतः भिंगे घासून सूक्ष्मदर्शक तयार करीत असे. तो रोज मीठ लावून दात घासी. तरीही दाढांच्या फटींत त्याला पांढरट, कणकेसारखा पदार्थ सापडला. तो पावसाच्या पाण्यात कालवून पाहताच त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करताना दिसले. १६८३ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले.

हा पदार्थ म्हणजे उरलेले अन्न नव्हे. दातावर घट्ट चिकटून वाढणारी ती जंतूंची वसाहत होय. तिला येथे ‘जंतुलेप’ म्हणू. दात कितीही स्वच्छ घासले तरी काही तासांतच तो पुन्हा जमू लागतो. साध्या चूळ भरण्याने तो निघत नाही. घासूनच काढावा लागतो. तो तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार त्यात बसून तो दगडासारखा टणक होतो. यालाच कीटण म्हणतात. खालच्या पुढील दातांच्या मागे कीटण विशेष साचते, कारण तेथेच लाळग्रंथींच्या नलिका उघडतात. कीटण खडबडीत असल्यामुळे त्यावर जंतूंचा नवा लेप सहज बसतो. ते ब्रशाने निघत नाही. त्यासाठी हत्यारच लागते.

हा लेपच हिरड्या सुजण्याचे कारण आहे, हे निःसंशय सिद्ध झाले ते १९६५ साली. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबविण्यास सांगितले. त्यांतील बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासण्यास सुरुवात केल्यावर सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

या प्रयोगातून दोन बोध मिळाले. हिरड्यांची नुसती सूज स्वच्छतेने पूर्ण बरी होते, हा पहिला. आणि निरोगी तरुणांच्या हिरड्याही दोन-तीन आठवड्यांच्या हयगयीने बिघडतात, हा दुसरा. मग ज्यांच्या हिरड्या पूर्वीच रोगाने दुबळ्या झाल्या आहेत, त्यांना हयगय किती महाग पडत असेल, हे सहज लक्षात येईल.

सर्वांना रोग सारखा होत नाही

जंतुलेप सर्वांच्याच दातांवर बसतो; पण त्यामुळे हाड झिजण्याचा वेग सर्वांच्या बाबतीत सारखा नसतो. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुषांची तपासणी ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली सुरू केली व ती १५ वर्षे चालू ठेवली. या मजुरांना दंतवैद्याची सोय नव्हती आणि दात नियमित घासण्याची सवयही नव्हती. सर्वांच्या दातांवर भरपूर जंतुलेप व कीटण होते, सर्वांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही सुमारे ८ टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांत तो हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

याचा अर्थ असा की, रोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती व्यक्तिगणिक भिन्न असते. ज्याच्या हिरड्यांवर एकदा उपचार करावे लागले, त्याने आपल्या अंगी ही प्रवृत्ती असल्याचे दाखवूनच दिलेले असते. उपचाराने जंतुलेप व कीटण निघते. प्रवृत्ती निघत नाही. म्हणूनच २०१७ साली शिकागो येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या जागतिक परिषदेने असे ठरविले की, ज्याला हा रोग एकदा झाला, त्याला रोग शांत झाल्यावरही जन्मभर हिरड्यांचा रुग्णच समजावे व त्याप्रमाणे त्याच्यावर देखरेख ठेवावी.

उपचाराने काय साधते

उपचाराचा मुख्य भाग म्हणजे हिरडीच्या वरील व खालील कीटण काढून मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करणे. पॉकेट फारच खोल असेल, तर लहानशी शस्त्रक्रिया करून हिरडी बाजूस सारून मूळ स्वच्छ केले जाते. नंतर हिरडी आवळते आणि मुळाला पुन्हा चिकटते. खाच उथळ होते.

परंतु ही चिकटण पूर्वीसारखी नसते. तुटलेल्या तंतूंच्या जागी बहुतांशी पेशींचा एक पातळ पडदाच मुळाला चिकटलेला असतो. झिजलेले हाडही बहुधा भरून येत नाही. फार तर पुढील झीज थांबते. शिवाय स्वच्छ केलेल्या पॉकेटमध्ये जंतू पुन्हा वस्ती करू लागतात. घरची स्वच्छता नीट नसेल, तर सुमारे चार ते आठ आठवड्यांत ही वस्ती पूर्वीच्या थराला पोहोचू शकते. उपचारानंतर दोन-तीन महिन्यांनी रुग्णाला पुन्हा बोलावतात, ते याच कारणाने.

उपचारानंतरचे तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की, कीटण काढल्याने दात हलू लागतात. हा समज भारतात इतका पसरलेला आहे की, त्यामुळे कित्येक लोक उपचार टाळतात. खरी गोष्ट अशी असते : हाड झिजून दात आधीच सैल झालेले असतात, पण फटीफटींतून साचलेले कीटण, विटांमधील चुन्याप्रमाणे, त्यांना एकमेकांशी जखडून ठेवते. कीटण निघताच मूळचा सैलपणा प्रकट होतो. सूज उतरून हिरडी आवळली म्हणजे पुढील काही आठवड्यांत बहुतेक दात पूर्वीपेक्षा घट्ट होतात.

दुसरा गैरसमज असा की, दातांमध्ये फटी पडल्या म्हणजे दंतवैद्याने दात खरवडून टाकले. या फटी रोगानेच पडलेल्या असतात. सुजलेल्या हिरडीने व कीटणाने त्या भरलेल्या होत्या, इतकेच.

तिसरा असा की, गार पाण्याने दात ठणकू लागले, तेव्हा दात बिघडले. हिरडी आवळल्यामुळे उघड्या पडलेल्या मुळावर दाताच्या शिरोभागासारखे कठीण आवरण नसते; म्हणून थंड पदार्थाची कळ जाणवते. ती बहुधा काही आठवड्यांत कमी होते. फ्लोराइडयुक्त पेस्टचा त्यास उपयोग होतो आणि उघडे मूळ किडण्यासही त्यामुळे आळा बसतो. कळ येते म्हणून त्या जागी घासणे सोडणे, हा मात्र मोठा घातक उपाय होय. तेथे जंतुलेप साचतो व कळ वाढतच जाते.

स्वीडनमधील अनुभव

उपचारानंतरच्या देखरेखीने खरोखर किती फरक पडतो? याचे उत्तर स्वीडनमधील संशोधकांनी शोधले. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ रुग्णांवर निरनिराळ्या पाच पद्धतींनी हिरड्यांच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. पण नंतर त्यांना स्वच्छतेसाठी वरचेवर बोलावण्यात आले नाही. दातांवर जंतुलेप पुन्हा साचला आणि पाचही पद्धतींच्या रुग्णांत दातांचा आधार पूर्वीपेक्षा आणखी कमी झाला. शस्त्रक्रिया कोणती केली, यावर काही अवलंबून राहिले नाही.

१९८१ साली पेर आक्सेलसॉन व यान लिंडे यांनी आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग पुष्कळ बळावलेल्या ९० रुग्णांवर त्यांनी सारख्याच काळजीने उपचार केले होते. दात कसे स्वच्छ ठेवावे, हेही सर्वांना शिकविले होते. त्यानंतर दर तिसऱ्या रुग्णाला त्याच्या नेहमीच्या दंतवैद्याकडे परत धाडण्यात आले. उरलेल्यांना पहिली दोन वर्षे दर दोन महिन्यांनी व पुढील चार वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी बोलावण्यात आले. प्रत्येक भेटीत त्यांचे दात स्वच्छ केले जात आणि घासण्याची पद्धत पुन्हा समजावून दिली जाई.

सहा वर्षांनी पाहता, ज्यांना नियमाने बोलावले होते त्यांच्या हिरड्या निरोगी राहिल्या होत्या आणि दातांचा आधार उपचारानंतर जितका होता तितकाच टिकला होता. दुसऱ्या गटात रोग उघडपणे परतला होता. उपचार एकच, शिकवण एकच. अंतर होते ते केवळ नंतरच्या देखरेखीचे.

फेरतपासणीत काय होते

फेरतपासणी म्हणजे केवळ ‘दात पाहणे’ नव्हे. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक शलाका प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हळूच घालून खाचेची खोली मोजतो आणि कोठे रक्त येते, ते टिपून ठेवतो. तोंडात २८ दात असतील, तर अशी १६८ ठिकाणे होतात. मागच्या वेळचे आकडे व आजचे आकडे शेजारी ठेवले म्हणजे रोग थांबला आहे की कोपऱ्यात कोठे पुढे सरकतो आहे, ते कळते. रुग्णाला काहीही दुखत नसताना हे कळते, हाच या मोजणीचा मोठा लाभ. या रोगात दुखणे बहुधा अगदी शेवटी सुरू होते. तोवर पुष्कळ हाड गेलेले असते.

खाचांची खोली कोठेही चार मिलिमीटरपेक्षा अधिक नाही, चार मिलिमीटरच्या खाचेतून रक्त येत नाही आणि एकंदर दहांपैकी एकाहून कमी ठिकाणी रक्त येते, अशी स्थिती असेल तर रोग शांत आहे, असे मानतात. एखाद्या ठिकाणी रक्त आले म्हणून तेथे हाड झिजतच आहे, असे म्हणता येत नाही. पण वारंवार तपासूनही ज्या ठिकाणी रक्त येत नाही, ते ठिकाण सुरक्षित आहे, असे बऱ्याच विश्वासाने सांगता येते.

मोजणीनंतर कीटण व जंतुलेप काढला जातो. जेथे पॉकेट पुन्हा खोल झाले असेल, तेथे मुळाची स्वच्छता पुन्हा केली जाते. पहिल्या वर्षी अशी भेट साधारणतः दर तीन महिन्यांनी असावी. पुढे रोग शांत राहिला तर हे अंतर सहा महिने, क्वचित वर्षापर्यंतही वाढविता येते. ते किती असावे, हे प्रत्येक रुग्णाच्या स्थितीवरून दंतवैद्यानेच ठरवावयाचे असते.

घरची निगा

दंतवैद्याची एक भेट तासाभराची, अशा भेटी वर्षात चार. वर्षाचे उरलेले आठ हजार सातशे छपन्न तास दात रुग्णाच्याच स्वाधीन असतात. यास्तव घरच्या स्वच्छतेला पर्याय नाही.

ब्रश मऊ केसांचा असावा. त्याचे केस हिरडीच्या कडेशी सुमारे ४५ अंशांच्या कोनात, मुळाच्या दिशेने टेकवून, जागच्या जागी लहान हालचालींनी घासावे. ही पद्धत अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचे वैद्य चार्ल्स बास यांनी १९४८ च्या सुमारास सांगितली व ती आजही शिकविली जाते. जोराने आडवे घासल्याने उघडी मुळे झिजतात. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी असे दोनदा घासावे. दातांच्या आतल्या बाजू व शेवटच्या दाढांची मागची बाजू विसरू नये.

परंतु ब्रश दातांच्या फटींत पोहोचत नाही आणि हा रोग बहुधा फटींतच परततो. म्हणून उपचारानंतर रुंद झालेल्या फटींसाठी बाटली धुण्याच्या ब्रशाच्या आकाराचे, अगदी लहान असे फटींचे ब्रश वापरावे. फटीत किंचित अडून बसेल अशा मापाचा ब्रश निवडावा. पुढच्या व मागच्या दातांना निरनिराळी मापे लागतात. फट अगदी अरुंद असेल तेथे दोऱ्याचा उपयोग करावा. टाचणी, काडी वा धातूचे दातकोरणे यांनी हिरडी दुखावते व जंतुलेप मात्र तसाच राहतो. सुरुवातीस काही दिवस फटींतून रक्त येईल. त्याला भिऊन थांबू नये. स्वच्छता चालू राहिली म्हणजे ते बहुधा आपोआप थांबते. न थांबल्यास दंतवैद्यास दाखवावे.

कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या दातवणाची चाल या देशात जुनी आहे. काडीचे टोक चावून मऊ कुंचला केल्यास दातांची बाहेरची बाजू त्याने चांगली निघते. पण आतल्या बाजूस व फटींत ते नीट पोहोचत नाही. राखुंडी, कोळसा व जाडे मीठ यांनी उघडी मुळे झिजतात. उपचार झालेल्यांनी ती वर्ज्य करावी. औषधी गुळण्या दंतवैद्याने सांगितल्या असतील तितकेच दिवस कराव्या. त्या घासण्याची जागा घेऊ शकत नाहीत आणि खोल पॉकेटच्या तळाशीही पोहोचत नाहीत.

तंबाखू आणि मधुमेह

दोन गोष्टी उपचाराचे फळ हिरावून घेतात. पहिली तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांची जखम भरून येण्यास अडथळा होतो व रोग अधिक वेगाने परततो. त्यातून त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे धोक्याची सूचनाही मिळत नाही. महाराष्ट्रात पुष्कळ घरांत, विशेषतः स्त्रिया, भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावतात. तिने दात बळकट होतात ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. तंबाखू घातलेली दंतमंजने व पेस्ट यांवर भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. पण घरी भाजलेली मशेरी कायद्याच्या हाती लागत नाही. ती घरच्यांनीच सोडवावयास हवी.

दुसरी गोष्ट मधुमेह. रक्तातील साखर आटोक्यात नसेल, तर हिरड्यांचा रोग बळावतो; आणि हिरड्यांत सतत दाह असेल, तर साखर आटोक्यात आणणे अवघड होते. म्हणून मधुमेही रुग्णाने आपल्या वैद्याला हिरड्यांविषयी व दंतवैद्याला साखरेविषयी अवश्य सांगावे.

उपसंहार

गेलेले हाड सहसा परत आणता येत नाही, पण उरलेले राखता येते. अर्ध्या आधारावर उभे असलेले दातही, हिरड्या निरोगी राहिल्या तर, वर्षानुवर्षे भाकरी चावण्याचे काम करतात. त्यासाठी दररोज काही मिनिटे व दर तीन महिन्यांनी एक भेट, एवढेच मोल द्यावे लागते. उपचार संपवून दंतवैद्याच्या दवाखान्यातून बाहेर पडताना रुग्णाने पुढील भेटीचा दिवस विचारून घ्यावा, तो घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, आणि त्या दिवशी काहीही दुखत नसले तरी जावे. दुखत नसताना जाणे, हेच या रोगावरील उपचाराचे उरलेले अर्धे अंग होय.